दुखवट्याचं ऊन

ऊन सतरंजीवर हातभर पुढे सरकलं, तसा दिवाकरही सरकला. सरकण्याचं कारण कुणाला कळू नये म्हणून त्याने एक मोठा उसासा टाकला.

समोर जयसिंगरावांचा हार घातलेला फोटो होता. दिवाकरला तो बघवत नव्हता. हा माणूस हातात नाक शिंकरायचा आणि त्याच हाताने खांद्यावर थाप मारून आपल्या आजोबांच्या घोड्याची गोष्ट सुरू करायचा. तीच गोष्ट, तोच घोडा. बड्या गणपतीच्या गल्लीत जयसिंगराव समोरून येताना दिसले की दिवाकर भलत्याच्याच घरात शिरत असे. ते गेल्याचं कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, पण घोड्याबद्दल.

खरा वैताग त्याच्या खोलीचा होता. पुढ्यात शेजाऱ्यांची उंच भिंत. दिवाळी सरली की ऊन बंद, ते थेट होळीला. टॉवेल वाळत नसे. त्याला कुबट वास येई, आणि अंग पुसलं की तोच वास दिवाकरला. त्यात नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली आणि त्याची कचेरी तिकडे हलली. फाइली गेल्या, कपाटं गेली, साहेबांची खुर्ची गेली. दिवाकरला न्यायचा हुकूम तेवढा निघायचा राहिला. आता दिवसभर बसायला वेळ होता, फक्त ऊन नव्हतं.

आणि जयसिंगरावांची ओसरी दक्षिणेला होती, हिवाळाभर उन्हात.

बाकीचे लोक रीतीप्रमाणे एकदा भेटून, ‘येतो’ न म्हणता उठून गेले. दिवाकर रोज येऊ लागला. दुखवट्याच्या घरी चहा नाही, गप्पा नाहीत, नुसती मान खाली घालून बसायचं. पाठ तापायची. हाडं सैल व्हायची. इतकं सुख त्याला नोकरी लागली त्या दिवशीही झालं नव्हतं. मग त्याला स्वतःची शिसारी यायची, आणि तो वळून दुसरी बाजू उन्हाला द्यायचा.

काल तर मुंडण केलेल्या शामने, जयसिंगरावांच्या मुलाने, विचारलंच. “काका, बाबांचं आणि तुमचं इतकं होतं?”

“अरे भिया, ते सांगून कळत नसतं,” दिवाकर म्हणाला. तो स्वतःवर थुंकलाच असता, पण त्यासाठी उन्हातून उठावं लागलं असतं.

आज मात्र तो बोटांवर दिवस मोजत होता. उद्या तेरावा. परवापासून या घरात दुखवटा नाही, म्हणजे त्याला ऊनही नाही.

ऊन पार भिंतीवर चढलं तेव्हा तो उठला. जयसिंगरावांच्या पत्नी, जनाबाई, दारात उभ्या होत्या.

“दिवाकरजी, जरा थांबा.”

त्याने घाईघाईने चेहरा आणखी पाडला.

“रोज बघते मी. ऊन जिकडे, तुम्ही तिकडे.”

दिवाकरच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“मी कुठं नाही म्हणते? तुमच्या खोलीत ऊन येत नाही, मला पता आहे. परवापासूनही येत जा. चहा ठेवीन. बस, ही रोनी सूरत घरी ठेवून या. बहुत झालं रडणं. आता या ओसरीत कुणीतरी हसलं पाहिजे.”

दिवाकरने तोंड फिरवून चपला पायात सरकवल्या. त्या घरात पहिल्यांदाच त्याला खरोखर रडू येत होतं, आणि नेमकी आत्ताच मनाई झाली होती.