आईच्या फोल्डरमधली नवी फाइल

संगणकाची सिस्टीम नवी केली आणि सर्व्हरवरचा शेअर फोल्डर काही केल्या जोडला जाईना. आईचं सगळं वाचन त्यातच होतं. अंधांसाठी ती आमच्या या छोट्या स्टुडिओत अखेरपर्यंत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. तिच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

भर दुपार होती. दादा माझ्याकडे पाठ करून सर्व्हरसमोर बसला होता.

"पासवर्ड घेतच नाहीये रे," मी म्हणाले.

"जुन्या पद्धतीनं जोडून बघ. नव्या सिस्टीमनं तीच बंद केली असणार."

ती सेटिंग चालू केली आणि फोल्डर उघडला. माझा जीव भांड्यात पडला. आईच्या फाइली होत्या तशाच होत्या. फक्त शेवटी एक नवी होती, आजच्या तारखेची, आणि तिचा आकार माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

"दादा, तू काही रेकॉर्ड करतोयस?"

"छे गं. माइक तर सगळे कपाटात आहेत."

मी हेडफोन लावून फाइलचा शेवटचा भाग सुरू केला.

"माइक तर सगळे कपाटात आहेत," हेडफोनमधून दादाचा आवाज आला. मग हेडफोन उचलल्याचा आवाज. मग माझा श्वास. वाचायला लागण्याआधी आई हलकेच खाकरायची, तसं कुणीतरी खाकरलं.

आणि मग, माझे ओठ घट्ट मिटलेले असताना, माझाच आवाज कानात किंचाळला, "दादा, मागे बघू नकोस!"

समोर दादाची खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळू लागली होती.