धक्क्यावरचे सूर्यास्त

"दादा, आईचा एखादा फोटो असेल का तुमच्याकडे? उद्या बारावं. हार घालायला आधारकार्डावरचाच आहे, त्यात ती ओळखूसुद्धा येत नाही." मासळी विकणाऱ्या नथीबाईंची लेक दारात उभी होती.

मी लॅपटॉप उघडला. सात वर्षं बंदराच्या धक्क्यावर मी सूर्यास्तच टिपले होते. दोन बक्षिसंही मिळाली. अलीकडे मात्र कॅमेरा उचलावासा वाटत नव्हता. सगळे सूर्यास्त सारखेच दिसू लागले होते.

नथीबाई खूप फोटोंत सापडल्या. डोक्यावर पाटी, कमरेवर हात. पण समोर सूर्य, त्यामुळे त्या नुसत्या काळ्या सावलीसारख्या उमटलेल्या. मी मोठं करून पाहिलं, उजेड वाढवला. चेहरा कुठेच नव्हता. "माजा पन काडा की एक," त्या कायम म्हणायच्या. "तुम्ही आहातच की फोटोत," असं म्हणून मी वेळ मारून न्यायचो.

लेक त्या सावलीवरून बोट फिरवत राहिली. "उभी अशीच राहायची," ती म्हणाली. "हसायची कशी, तेवढं मात्र नाही दिसत."

दोन दिवसांनी संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन धक्क्यावर गेलो. नथीबाईंची जागा रिकामी होती. तिथेच शेजारी कोळंबी निवडत बसलेल्या बाईंसमोर उभा राहिलो. मावळतीचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं होतं.

"दादा, सूर्य तुमच्या पाठी बुडतोय," त्या हसत म्हणाल्या.

"बुडू दे," मी म्हटलं आणि ते हसू टिपलं.