घडीतलं घर

मागची खोली काही केल्या घडीत बसत नव्हती.

कार्ड उघडलं की घर कसं झोकात उभं राहायचं. पायऱ्या, दार, वरच्या मजल्याची खिडकी. मिटलं की मागच्या खोलीचा कोपरा जिभेसारखा बाहेर. उभा जन्म पुस्तकं बांधण्यात घालवलेल्या बाईला कागदाने असं वेडावून दाखवावं!

"खोली जितकी पुढे काढावी, तितकी मिटताना बाहेर सरकते," आई मुलाला म्हणाली. "मोठा कागद तरी आण."

"कापून टाक ना ती."

"अरे, माझीच खोली की ती!"

"कार्डातली गं, आई."

आई हसली आणि तिने कात्री चालवली. कार्ड आता शहाण्या मुलासारखं मिटलं.

नाताळ तोंडावर आला होता. दरवर्षी ती उघडताच उभी राहणारी कार्डं करायची, आणि मुलगा "आईचा कागदी संसार" म्हणून चिडवायचा. यंदा मात्र जाड कागद त्यानेच आणून दिला होता. म्हणाला, "आपलं घर कर. हुबेहूब."

"कुणासाठी? विहीणबाईंसाठी?"

"कळेल नाताळाला."

घर तिच्या नवऱ्याने बांधलेलं. जाताना ते मुलाच्या नावावर करून तो निश्चिंत डोळे मिटून गेला होता. आपलंच पोर, आपलंच घर, त्यात लिहून-पुसून काय बघायचं?

मुलगा दारापर्यंत गेला आणि वळला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "वरच्या खिडकीत एक लहान मुलगी काढ."

आईची कात्री थांबली.

वरच्या खोलीतली अडगळ परवाच हलवली होती. भिंतींना पिवळा रंग दिला होता. सून हल्ली जेवणावरून अर्धवट उठायची, नजरेला नजर देत नव्हती. आईने दोन आणि दोन चार केले, आणि मनातल्या मनात पाळण्याला दोरीसुद्धा बांधली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने तोंडाने कधी विचारलं नव्हतं. मागायचं ते देवाकडे मागितलं होतं.

"मुलगीच कशावरून रे?"

"असू दे की मुलगी." त्याचे कान लाल झाले होते.

"विचारू का तिला?"

"नको! तिला काही विचारू नकोस. आधीच त्रास होतोय तिला."

"बरं बाबा, नाही विचारत. मी काय आज आई झाले?"

पण पाय थोडेच ऐकतात? ती स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेच्या मागे तिने स्टूल सरकवलं.

"बस गं. भाजी मी चिरते."

सुनेने सुरी खाली ठेवली आणि एकदम रडायलाच लागली. "आई, तुम्ही इतकं चांगलं वागू नका हो माझ्याशी."

"अगं वेडे, या दिवसांत येतंच रडू." आईने तिचे डोळे पदराने पुसले. सून आणखीच रडली.

संध्याकाळी प्रार्थनामंदिरात उपदेशक जन्माची कथा गाऊन सांगत होते. ते एक कडवं म्हणत, सगळे धृपद उचलत. अवघडलेली बाई दारोदार फिरते आणि सराईत जागा नसते, या कडव्याला आईचे डोळे दरवर्षी भरायचे. शेजारची म्हणाली, "मेला तो सराईवाला! काय काळीज असेल का दगड?"

"असं नये म्हणू," आई म्हणाली. "बिचाऱ्याकडे खरंच जागा नसेल."

घरी येऊन तेच धृपद गुणगुणत तिने खिडकीत मुलगी चिकटवली. दोन वेण्या, पिवळा झगा. खळ ओली असताना उघडलं तर घर फाटतं, म्हणून कार्डावर जाड शब्दकोश ठेवला. ते वाळेपर्यंत तिने नातीसाठी चार नावंही शोधून ठेवली.

नाताळच्या दुपारी बेल वाजली. दारात एक गृहस्थ, त्यांची बायको आणि शाळकरी मुलगी. आईने कधी न पाहिलेली माणसं.

"पाहुणे आहेत, आई," मुलगा म्हणाला. घसा खाकरून पुढे म्हणाला, "ते कार्ड... या छोटीला दे."

"या छोटीला?"

"हो."

नातीचं कार्ड परक्या हातात? तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत नळ नुसताच वाहत होता, सून बाहेर येत नव्हती. मुलगा भिंतीवरचं घड्याळ बघत होता. हा असा का वागतो, ते त्याला नंतर खडसावून विचारायचं ठरवून तिने कार्ड पुढे केलं. दारी आलेल्या लेकराला नाही कसं म्हणायचं?

छोटीने कार्ड उघडलं. पायऱ्या उभ्या राहिल्या, दार उभं राहिलं, वरची खिडकी उभी राहिली.

"आई गं, केवढं छान! ही खिडकीतली मीच ना?"

"तू कशी असशील गं, सोने?" आईला हसू आलं. "तू तर पाहुणी."

गृहस्थांनी चमकून मुलाकडे पाहिलं. मुलगा अजून घड्याळच बघत होता. छोटीने मात्र कार्ड छातीशी धरलं आणि आईचा हात पकडला.

"आजी, मला शिकवाल असं करायला? तुमच्या वृद्धाश्रमात दर रविवारी भेटायला येऊ देतात, बाबांनी विचारून ठेवलंय."