पदरावरची धूळ

रेशमाच्या अळ्या तुतीच्या पानाला तोंड लावेनात, म्हणून कोडोलीची आक्का पानं घेऊन राजारामपुरीतल्या प्रयोगशाळेत आली. तिथल्या मॅडमनी पानं उलटून पाहिली. लख्ख! "आक्का, धुतलीत काय?" "व्हय की! तुमच्याकडं घाण पानं कशी आणायची? बागेत रोज पदरानं पुसते, तरी पांढरी धूळ येतीयाच." मॅडमनी तिच्या पदरावरच्या त्या धुळीवर चिकटपट्टी दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "बघा." आक्कानं डोळा लावला. पांढऱ्या धुळीत इवलासा काळा गोळा, भोवती काचेच्या सुयांसारखे किरण. "ही भुरीची बुरशी," मॅडम म्हणाल्या, "सुयांवरून जात कळली, औषध देते. पदरानंच ती झाडाझाडावर नेली. लुगडं उकळून काढा." आक्का पुन्हा वाकली. "अगं बया! एवढं देखणं, आणि मी धूळ म्हणत हुते?" लुगडं उकळायचंच होतं. पण बाहेर उन्हात घामाच्या धारा लागल्यावर आक्कानं पदर तोंडाला लावला नाही. मुठीत अलगद धरला.