चढ संपेपर्यंत

१९८४ साली साताऱ्यात मी, शालन आणि प्रमिला, आम्ही तिघी टेलिफोन ऑफिसला सायकलवरून जायचो. घरी परतताना नाक्याचा चढ लागला आणि एकीला जरी दम लागला, तरी तिघींनी उतरायचं आणि सायकली हातात धरून चालायचं, असा आमचा रिवाज होता. घरी तोंड न उघडणारी शालन त्या चढावर पोटभर बोलायची. कधी रडायचीसुद्धा.

दसऱ्याला तिच्या सासूबाईंनी तिला लूना घेऊन दिली. ऑफिसात पेढे वाटले गेले.

"नशीबवान आहेस गं!" प्रमिला म्हणाली.

"संध्याकाळच्या स्वयंपाकाला उशीर नको म्हणून घेतलीय," शालन म्हणाली.

त्या दिवशी चढाशी येताच तिनं लूना बंद केली आणि ती ढकलत आमच्याबरोबर चालू लागली. पानवाला ओरडला, "वहिनी, पेट्रोल संपलं का?" आम्ही हसून बेजार झालो. पण तिच्या दिरानं ते पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी ती आमच्या शेजारून लूनावरून निघून गेली. थांबली नाही.

पुढे प्रमिला मुलाकडे बंगळुरूला गेली. मी अजून चालते, पण काठी घेऊन. त्या चढावर आता 'चाला, सायकल चालवा' असा फलक लागलाय. शालन निवृत्तीपर्यंत ऑफिसात कामापुरतंच बोलत राहिली आणि गेल्या वर्षी वारली. भेटायला गेले, तेव्हा तिच्या सुनेनं मला विचारलं, "आमच्या आई पहिल्यापासूनच अबोल होत्या का हो?"