पंपाचा दोष

मेकॅनिकनं इंजिनाखालचा नट काढला आणि ऑइल वाहायला लागलं. ट्रे काठोकाठ भरला तरी ते थांबेना. त्यानं पायानंच एक जुना डबा पुढे सरकवला. डबाही निम्मा भरला तेव्हा त्यानं मान वर करून गाडीच्या दोन्ही मालकांकडे पाहिलं. थोरला डाव्या बाजूला उभा होता, धाकटा उजव्या. दोघं एकमेकांना सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

हे दोघे सख्खे भाऊ. थोरला खालच्या मजल्यावर राहायचा, धाकटा वर, आणि गेली कित्येक वर्षं त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण अबोला मात्र चोख पाळला जात होता. वडिलांची मोटरसायकल एवढी एकच गोष्ट वाटणीतून सुटली होती. सकाळी ती थोरला छापखान्यात न्यायचा, दुपारनंतर धाकटा औषधांच्या दुकानात. बाकी सगळा व्यवहार आईच्या तोंडून. एकाच खोलीत बसून "आई, त्याला सांग" चालायचं, आणि आई बिचारी समोर बसलेल्याला तेच पुन्हा सांगायची. तिला या कामाचा वीट आला होता. पण गाडी गेली तर पोरांमध्ये तेवढंही उरणार नाही, ही धास्ती त्याहून मोठी होती.

आणि गाडी तर ऑइल ओकत होती. उभी राहील तिथे डाग, निघाली की निळा धूर. ती सुरू झाली की शेजारीण दोरीवरचे कपडे उचलून आत पळायची.

"आई, त्याला सांग, ऑइलचा पंप दुबळा झालाय," धाकटा म्हणाला.

"त्याला सांग, पंप धडधाकट आहे. वापरणाऱ्याला अक्कल हवी," थोरला म्हणाला.

आईनं पहिला निरोप पोचवला, दुसरा गिळला.

धाकट्यानं हट्टानं बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा पंप मागवला. मूळ पंपाच्या दुप्पट जोर, असं खोक्यावर छापलं होतं. मेकॅनिकनं तो बसवून दिला. पहिल्याच आठवड्यात पंपानं गुण दाखवले. आधी ऑइल नुसतं पाझरायचं, ते आता प्रत्येक सांध्यातून उसळायला लागलं. थोरल्याची पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली. "त्याला सांग, ही पँट धुवायला ये," असा निरोप आला, तेव्हा आईचा धीर सुटला. "दोघं मिळून गॅरेजात जा," ती छातीवर दगड ठेवून म्हणाली. "नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते."

म्हणून ते आज इथे उभे होते.

"ऑइल कोण टाकतं?" मेकॅनिकनं विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले.

मग मात्र त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला सकाळी जमिनीवरचा डाग बघायचा, धाकट्याच्या नावानं बोटं मोडायचा आणि ऑइल ओतायचा. धाकटा दुपारी तोच डाग बघायचा, थोरल्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा आणि ओतायचा. दुसरा गाडीकडे ढुंकूनही बघत नाही, याची दोघांनाही पक्की खात्री होती. ऑइल मोजायची काडी काढून आत किती आहे ते पाहावं, हे कोणालाच सुचलं नव्हतं. इंजिन गळत होतं ते पोट फुटायची वेळ आल्यामुळे.

"पंप दोन्हीही चांगलेच होते," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "आता मापात भरलंय. यापुढे एकानंच टाकत जा."

दोघं एकाच गाडीवर बसून घरी आले. आईच्या डोळ्यांना धार लागली. अबोला संपला आणि त्याच्या जागी सौजन्य आलं. "दादा, आज तूच ने गाडी." "नको रे, तुला उशीर होईल." इतकं गोड बोलणं सुरू झालं की आईला घरात पाहुणे उतरल्यासारखं वाटायला लागलं. पण तक्रार कशाची करणार? गाडी झकास पळत होती. डाग नाही, धूर नाही, शेजारणीचे कपडे पांढरेशुभ्र.

मग एका रविवारी दोघं मिळून बाहेर निघाले. गल्लीच्या तोंडाशीच इंजिनानं कर्कश आवाज काढला आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. थोरल्यानं काडी काढून पाहिली. कोरडी ठणठणीत. जुनं इंजिन रोज थोडंथोडं ऑइल पीत होतं, आणि दुप्पट जोराच्या पंपाला आता उपसायला थेंब उरला नव्हता.

"तू टाकत नव्हतास?" थोरल्यानं विचारलं.

"तू मोठा. म्हटलं, दादाचा मान आहे, आपण कशाला मधे पडा."

"आणि मी म्हटलं, पंप तू हौसेनं आणलास, तर निगाही तुलाच राखू द्यावी."

"मग हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुला तोंड नव्हतं, गाढवा?"

झालं. आवाज चढले. काळी पँट निघाली, वाटणीतलं कपाट निघालं, शाळेत असताना कोणी कोणाचा पतंग फाडला होता तेही निघालं. गाडी रस्त्याच्या मधोमध तशीच, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हातवारे. खिडक्या उघडल्या. दोन्ही सुना धावत गॅलरीत आल्या. आई तिथे आधीपासूनच बसली होती.

"आई, सांगा ना त्यांना काहीतरी," थोरली सून काकुळतीनं म्हणाली.

आईनं खुर्ची कठड्याजवळ ओढली.

"गप गं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मधे न घेता भांडतायत. ऐकू दे जरा."