पायरीवरचा माणूस

जुन्या इमारतीच्या संगणकावरच्या त्रिमितीय स्कॅनमधून दगडाखेरीज सगळं पुसायचं, हे तिचं काम. झाडं पुसली, कबुतरं पुसली, येणारेजाणारे पुसले. उरले ते पायरीवर बसलेले तिचे बाबा, तिथले पहारेकरी. स्कॅनिंगच्या वेळी ते इतके निश्चल बसले होते, की यंत्रानं त्यांना दगडाइतकंच नीट टिपलं होतं. पुढे थोड्याच दिवसांत ते गेले.

साहेबांचा पुन्हा फोन आला. "अहो, तो माणूस अजून तिथंच? आज काम द्यायचंय!"

"काढते," ती म्हणाली. पण हात काही चालेना.

आई मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"काढ गं," आई म्हणाली. "जन्मभर त्या गार दगडावर बसून कंबर धरली होती त्यांची. आता तरी उठू दे त्यांना."